यंत्रानुवाद आणि बुद्धवचन : सेवाग्रामच्या निमित्ताने

पाली ग्रंथांचा मराठी अनुवाद यापुढे यंत्राकडून करून घ्यावा, असा विचार अलीकडे अनेक ठिकाणी बोलून दाखविला जात आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाला पालीतील अथवा इंग्रजीतील उतारा दिला की ते क्षणार्धात मराठी उतारा पुढे ठेवते. तो वाचावयास सोपा असतो आणि शुद्धलेखनाचे दोषही त्यात फारसे नसतात. मग एका सुत्तासाठी महिनोन्‌महिने कोश उलगडीत बसणारा अनुवादक हवा कशाला? प्रश्न सरळ आहे आणि तो टाळण्यासारखा नाही. धम्मवर्ग चालविणाऱ्या, पदरमोड करून पुस्तिका छापणाऱ्या आपल्या समाजापुढे तो रोजच्या व्यवहाराचा प्रश्न म्हणून उभा राहिला आहे. त्याची थोडी चिकित्सा करण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

ही चिकित्सा सेवाग्रामपासून सुरू करण्यास कारण आहे. वर्ध्याजवळच्या या गावाचे नाव उच्चारताच गांधीजींचा आश्रम डोळ्यांपुढे येतो, आणि आपल्या वाचकांच्या मनात त्या नावाबरोबर पुणे कराराची सलही जागी होते. ती अकारण आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु याच आश्रमात ४ जून १९४७ रोजी आचार्य धर्मानंद कोसंबी यांनी, शरीर आता कामाचे राहिले नाही असे ठरवून, अन्नत्यागाने देह ठेवला. मराठीत बुद्धवचन आणणाऱ्या पहिल्या मोठ्या अनुवादकाचा शेवट सेवाग्रामला झाला, ही गोष्ट पालीच्या अभ्यासकाने विसरता कामा नये.

कोसंबींचा जन्म गोव्यातील साखवाळचा, १८७६ सालचा. ‘बालबोध’ या मराठी मासिकातील बुद्धचरित्र वाचून त्यांच्या मनाने ओढ घेतली आणि १८९९ मध्ये त्यांनी घर सोडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी येथे संस्कृतचे अध्ययन, नेपाळची पायपीट, बोधगया, आणि १९०२ मध्ये सिंहलद्वीप. तेथे विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांच्या हाताखाली ते पाली शिकले. पाली ग्रंथ नागरी लिपीत मिळणे त्या काळी दुरापास्त होते. सिंहली लिपी शिकावी लागली, पुढे ब्रह्मदेशात बर्मी लिपी. हार्वर्ड विद्यापीठात ‘विसुद्धिमग्ग’ची संशोधित आवृत्ती सिद्ध करण्यासाठी ते चार वेळा अमेरिकेस गेले. तो ग्रंथ तेथून प्रसिद्ध झाला १९५० मध्ये, त्यांच्या निधनानंतर तीन वर्षांनी. मुंबईत परळच्या कामगार वस्तीत बहुजन विहार उभा राहिला तोही त्यांच्याच प्रयत्नाने. एवढे सांगितले ते चरित्र म्हणून नव्हे. अनुवाद नावाचे काम कोणत्या सामग्रीतून घडते, याची कल्पना यावी एवढ्यासाठी सांगितले.

आता त्यांच्या कामातील एकच उदाहरण पाहू. सिद्धार्थाने गृहत्याग का केला? वृद्ध, रोगी, प्रेत आणि संन्यासी यांचे दर्शन झाले म्हणून, असे उत्तर शेकडो वर्षे दिले जात होते. कोसंबींनी दाखवून दिले की दीघनिकायात ही कथा येते ती महापदान सुत्तात, विपस्सी बुद्धाच्या संदर्भात. गोतमाच्या चरित्रात ती पुढे घालण्यात आली. मग त्यांनी सुत्तनिपातातील अत्तदण्ड सुत्त पुढे ठेवले. शस्त्रधारणामुळे उत्पन्न झालेले भय आणि थोड्या पाण्यातील माशांप्रमाणे तडफडणारे, एकमेकांशी झगडणारे लोक पाहून आपल्या मनास संवेग उत्पन्न झाला, असे तेथे बुद्ध सांगतात. ‘भगवान बुद्ध’ या १९४०-४१ च्या ग्रंथात कोसंबींनी त्याचा संबंध शाक्य-कोलियांच्या कलहाशी जोडला. पुढे १९५७ मध्ये बाबासाहेबांचा ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ प्रसिद्ध झाला. त्यात रोहिणीच्या पाण्याचा तंटा, शाक्य संघातील मतदान आणि युद्धाला सिद्धार्थाने केलेला विरोध हे गृहत्यागाचे कारण म्हणून अतिशय प्रभावीपणे मांडले आहे. चार दृश्यांची कथा बुद्धीस पटत नाही, हे बाबासाहेबांनी आपल्या प्रस्तावनेतच स्पष्ट केले.

हा सर्व व्यवहार काही गाथांच्या अर्थावर उभा आहे. एकीकडे अट्ठकथांचे मोठे भांडार, दुसरीकडे एका जुन्या सुत्तातील मोजक्या ओळी, आणि त्या ओळींच्या बाजूने कौल देणारा एक माणूस. यंत्राच्या बाबतीत नेमकी येथेच अडचण आहे.

ही साधने चालतात कशी, हे समजून घेणे अवघड नाही. त्यांना अफाट मजकूर वाचविला जातो. त्या मजकुराचे लहान लहान तुकडे पाडून, कोणत्या तुकड्यामागून कोणता तुकडा येण्याचा संभव किती, याचे गणित त्यांच्या ठायी साठविले जाते. मग आपण काही विचारले की त्या गणिताच्या आधारे ती एकेक तुकडा पुढे जोडीत जातात. यातून थक्क करणारे परिणाम मिळतात हे मान्य केलेच पाहिजे. परंतु जे पुष्कळांनी पुष्कळ वेळा लिहिले ते या गणितात जड होते आणि जे थोड्यांनी लिहिले ते हलके होते, हा या पद्धतीचा स्वभावच आहे. नंतरच्या संस्कारांनी तो थोडाफार वळविता येतो, मुळातून काढून टाकता येत नाही. पालीतून मराठीत झालेले अनुवाद संख्येने थोडे, त्यांतील संगणकावर उतरलेले त्याहून थोडे. उलट मराठीत ‘धर्म’, ‘कर्म’, ‘आत्मा’, ‘पुनर्जन्म’ या शब्दांभोवती जो लिखाणाचा डोंगर आहे, तो बहुतांशी कोणत्या परंपरेचा आहे हे आपल्या वाचकांस सांगावयास नको. बाबासाहेबांनी ‘धम्म’ हा शब्द जाणीवपूर्वक राखला. ‘रिलिजन’ आणि ‘धम्म’ यांतील भेद सांगण्यासाठी स्वतंत्र प्रकरण लिहिले. बौद्धांचा कम्मसिद्धान्त आणि ब्राह्मणी कर्मसिद्धान्त एक नव्हेत हे पुनःपुन्हा बजावले. बहुमताच्या गणितावर चालणारे साधन हा भेद पुसून टाकण्याकडे कलणार. त्यात दुष्ट हेतू असण्याची गरज नाही, उतार ज्या बाजूला असतो त्या बाजूला पाणी जाते.

पाच स्कंधांचीच नावे घेऊ. रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान. ही पाचही नावे मराठी माणसाच्या तोंडी आहेत, आणि पाचांचाही अर्थ मराठीत बदललेला आहे. ‘रूप’ म्हणजे आपल्याकडे देखणेपण. पालीत ते सर्व भौतिक अंग होय. ‘वेदना’ म्हणजे मराठीत दुखणे. पण पालीत सुखा वेदना असते, दुक्खा वेदना असते आणि सुखही नाही व दुःखही नाही अशी तिसरी वेदना असते. ‘सुखद वेदना’ असे मराठीत लिहिले तर वाचक ते एखाद्या प्रेमकवितेतील शब्द समजेल. ‘संज्ञा’ हे शाळेच्या व्याकरणात नामाचे किंवा परिभाषेचे नाव. पालीतील सञ्ञा म्हणजे वस्तू ओळखण्याची मनाची क्रिया. ‘विज्ञान’ म्हणजे शाळेतील विषय, प्रयोगशाळा. विञ्ञाण म्हणजे जाणीव. प्रतीत्यसमुत्पादातील ‘विज्ञानामुळे नामरूप’ हे वाक्य नवशिक्या उपासकाच्या हाती तसेच दिले, तर तो त्याचा काय अर्थ लावील? उद्या कोणी त्यावरून आधुनिक विज्ञानाचा उगम बुद्धवचनात आहे असे सिद्ध करू लागला तर त्याला हसता येणार नाही, कारण शब्द तर तेच आहेत.

यांत ‘संस्कार’ हा शब्द आपल्या दृष्टीने सर्वांत नाजूक. मराठीत तो गर्भाधानापासून अंत्यविधीपर्यंतच्या सोळा विधींचा वाचक आहे, आणि ‘चांगल्या घरचे संस्कार’ या वापरात त्याला उच्चनीचतेचा वासही आहे. पालीतील सङ्खाराचा या दोहोंशी संबंध नाही. हेतूंनी घडलेले आणि पुढे घडविणारे जे जे मनोव्यापार ते सङ्खार. आणि व्यापक अर्थाने, जे जे प्रत्ययांवर अवलंबून उत्पन्न झाले ते सर्व. सङ्खार अनित्य आहेत हे वचन ‘संस्कार क्षणभंगुर असतात’ असे मराठीत उतरले, तर व्याकरण निर्दोष, शब्द मूळचेच, आणि अर्थ मात्र गेलेला. हीच गत सम्मासतीची. ‘सती’ म्हटले की मराठीत चिता आठवते. संस्कृत वळणाने ‘सम्यक् स्मृती’ लिहावे, तर ज्या समाजाने २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन केले त्या समाजाच्या कानाला ‘स्मृती’ हा शब्द कसा लागतो, याचा विचार अनुवादकाने करावयास नको काय?

येथे कोणी म्हणेल की मराठी अनुवादकांनीही वेदना, संस्कार, विज्ञान हे शब्द तसेच ठेवले आहेत. खरे आहे, आणि यंत्र शिकले तेही बहुधा त्यांच्याच पुस्तकांवरून. फरक असा की, विहारात बसून प्रवचन करणाऱ्या भंतेंना समोरच्या आजीच्या चेहऱ्यावरून कळते की ‘वेदना’ ऐकून तिला आपले गुडघे आठवले. मग ते थांबतात आणि दुसरा शब्द घेतात. यंत्रापुढे ती आजी नसते.

वर्ध्याचे दुसरे नाव भदन्त आनंद कौसल्यायन यांचे. पंजाबात जन्मलेले हे भिक्खू १९४० च्या दशकात वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीचे प्रधानमंत्री होते. संपूर्ण जातककथा त्यांनी सहा खंडांत हिंदीत आणल्या. आज वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयातील बौद्ध अध्ययन केंद्राला त्यांचेच नाव आहे. त्यांच्या आयुष्यातील एक काम आमच्या विषयाशी फार जवळचे आहे. बाबासाहेबांचा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला, तेव्हा कोणते वचन कोठून घेतले याचे संदर्भ त्यासोबत नव्हते. तेवढ्यावर बोट ठेवून हा ग्रंथ प्रमाण नव्हे असे म्हणणारे पुढे आले. भदन्तांनी तो ग्रंथ हिंदीत आणताना उलट्या दिशेने प्रवास केला. बाबासाहेबांच्या इंग्रजी वाक्यांवरून मूळ पालीपर्यंत जाऊन त्यांनी संदर्भ शोधले. हे काम करणाऱ्याला तिपिटक तर पाठ हवेच, पण बाबासाहेबांनी एखादे वचन का निवडले, कोठे सोडले आणि कोठे आपल्या शब्दांत मांडले, याचीही समज हवी. एक बारीक गोष्ट जाता जाता नोंदवितो. भदन्तांच्या हिंदी अनुवादाच्या नावात ‘धर्म’ आहे, तर मराठी अनुवादाच्या नावात ‘धम्म’. एकाच ग्रंथाच्या दोन भाषांतील या निवडी आहेत, आणि दोहोंमागे नावानिशी उभी असलेली माणसे आहेत. त्यांना जाब विचारता येतो, त्यांच्याशी वाद घालता येतो. कोसंबींनी ‘सूकरमद्दव’ आणि तत्कालीन श्रमणांचा मांसाहार यांविषयी जे लिहिले त्यावर जैन समाजातून तीव्र टीका झाली. परंतु ते आपल्या मताला धरून राहिले. यंत्राने दिलेला अर्थ कोणाचा म्हणावयाचा?

अनुवादाविषयी खुद्द बुद्धांचे म्हणणे विनयपिटकात आहे. चुल्लवग्गात यमेळ आणि तेकुल नावाचे, ब्राह्मण कुळात जन्मलेले दोन भिक्खू येतात. निरनिराळ्या गोत्रांचे व कुळांचे भिक्खू बुद्धवचन आपापल्या बोलीने बिघडवितात, तेव्हा आम्ही ते छंदांत बसवितो, अशी त्यांची विनंती. बुद्धांनी ती नाकारली आणि ‘सकाय निरुत्तिया’ बुद्धवचन शिकण्याची अनुज्ञा दिली. या दोन शब्दांचा अर्थ काय? बुद्धघोषांच्या मते बुद्धांची स्वतःची भाषा, म्हणजे मागधी. आधुनिक अभ्यासकांपैकी पुष्कळांच्या मते ज्याची त्याची स्वतःची भाषा. पहिला अर्थ घेतला तर मराठी अनुवादाला दुय्यम स्थान मिळते. दुसरा घेतला तर मराठीत धम्म सांगणे हा बुद्धांनीच दिलेला अधिकार ठरतो. यंत्राला विचारल्यास ते दोन्ही मते नीट मांडून दाखवील हेही शक्य आहे. परंतु अनुवादात दोन्ही अर्थ एकदम लिहिता येत नाहीत. एक लिहावा लागतो. आम्ही दुसरा लिहितो, कारण संस्कृतची मिरासदारी मोडणारा हा प्रसंग आहे, आणि त्यात भिक्खूंची गोत्रे व कुळे निरनिराळी असल्याचा उल्लेख उगाच आलेला नाही.

आता यंत्राविषयी एक खुलासा आवश्यक आहे. सेवाग्रामचे नाव घेऊन यंत्राला विरोध केला की आम्ही चरख्याच्या बाजूस गेलो, असा समज होईल. तसे नाही. १९४५ च्या ‘व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टू द अनटचेबल्स’ या ग्रंथात बाबासाहेबांनी गांधीवादाच्या यंत्रविरोधाचा कठोर समाचार घेतला आहे. यंत्रयुगातून अनर्थ झाले असतील तर दोष यंत्राचा नाही, खासगी मालमत्ता आणि वैयक्तिक लाभ यांना पवित्र मानणाऱ्या समाजरचनेचा आहे. मनुष्याला पशूहून निराळे, सुसंस्कृत जीवन जगण्यासाठी फुरसत हवी, आणि ती यंत्रानेच मिळू शकते, असा त्यांचा युक्तिवाद आहे. आम्ही तो पूर्णपणे मान्य करतो. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने छट्ठसंगायनाचे संपूर्ण तिपिटक १९९७ मध्ये तबकडीवर उपलब्ध केले, तेव्हापासून एखादा शब्द निकायांत कोठे कोठे आला हे पाहण्यास जे आठवडे लागत ते काम क्षणाचे झाले. कोसंबींना हे साधन मिळाले असते तर त्यांनी आनंदाने वापरले असते, याविषयी आम्हांस शंका नाही.

बाबासाहेबांचा निकष मात्र येथेही लावावयास हवा. ही फुरसत कोणाला मिळणार? दिवसा नोकरी करून रात्री अनुवाद करणाऱ्या माणसाला ती मिळाली तर उत्तम. पण त्याचे काम काढून घेऊन प्रकाशकाचा खर्च वाचविणे यालाच फुरसत म्हणत असतील, तर ती समाजरचनेचीच जुनी गोष्ट झाली. शिवाय ही साधने ज्या लिखाणावर पोसली गेली, त्याच्या लेखकांना बहुधा कोणी विचारलेले नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये एएनआय या वृत्तसंस्थेने याच मुद्द्यावर ओपनएआय या कंपनीविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. आपले श्रम गृहीत धरले जाणे म्हणजे काय, हे ज्यांच्या पूर्वजांनी महारवतनात भोगले त्यांना निराळे समजावून सांगावे लागत नाही. वामनदादांच्या गीतांचे किंवा ‘गोलपिठा’तील कवितेचे बाह्य वळण यंत्र गिरवील, ज्या जगण्याने ते वळण घडविले त्याला ते कोठून आणणार, हा प्रश्न आम्ही साहित्याच्या समीक्षकांवर सोडतो.

अनुवादापेक्षाही मोठा धोका संदर्भांचा आहे. अस्तित्वात नसलेले संदर्भ ही साधने अत्यंत आत्मविश्वासाने देतात. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने यंत्राने रचलेले खोटे निवाडे सादर केल्याबद्दल वकिलांना ५,००० डॉलर दंड केला. तेथे विरुद्ध बाजूचा वकील होता म्हणून ते उघडकीस आले. ‘अंगुत्तरनिकायात बुद्ध म्हणतात’ असे लिहून छापलेली पुस्तिका दीक्षाभूमीवर पाच रुपयांस विकली गेली, तर तेथे विरुद्ध बाजूचा वकील कोण? आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ पासून निकालांच्या भाषांतरासाठी ‘सुवास’ ही यंत्रप्रणाली स्वीकारली आहे. तथापि तिची भाषांतरे माणसांकडून तपासली जातात आणि प्रमाण मानला जातो तो मूळ इंग्रजी निकालच. बुद्धवचनासाठी याहून सैल नियम असावा असे आम्हांस वाटत नाही. नियम नवाही नाही. महापरिनिब्बान सुत्तातील चार महापदेश हेच सांगतात : कोणी म्हणो की हे मी भगवंतांच्या मुखातून ऐकले, संघाकडून ऐकले, थेरांकडून ऐकले, त्याचे अभिनंदनही करू नये आणि धिक्कारही करू नये, ते शब्द सुत्ताशी व विनयाशी पडताळून पाहावेत. यंत्राचा उतारा याच कसोटीला लावावा.

तो लावावयाचा तर पाली जाणणारी माणसे लागतील. केंद्रीय मंत्रिमंडळाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठी आणि पाली या दोन्ही भाषांना एकाच दिवशी अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याबरोबर येणारा पैसा पालीच्या शिक्षकांवर खर्च व्हावा, संगणकाच्या खोल्यांवर तो संपू नये. बाबासाहेबांनी पालीचे व्याकरण आणि शब्दकोश स्वतः सिद्ध केले. शासनाने ते लेखन व भाषणांच्या १६ व्या खंडात प्रसिद्ध केले आहे. त्यातील एका कोशात पाली शब्दांना इंग्रजीबरोबर मराठी, गुजराती आणि हिंदी अर्थही दिले आहेत. राजकारण, संसद आणि प्रकृतीची ओढाताण यांतून वेळ काढून त्यांनी हे काम केले. प्रत्येक विहारात हा खंड असावा आणि धम्मवर्गात त्याची पाने उलटली जावीत.

वर उल्लेखिलेल्या शब्दांबाबत आमची सूचना अशी. मुलांच्या पुस्तिकांत वेदनेसाठी ‘अनुभूती’, सञ्ञेसाठी ‘ओळख’ आणि विञ्ञाणासाठी ‘जाणीव’ हे शब्द घ्यावेत, मूळ पाली शब्द शेजारी द्यावा. ‘सङ्खार’ भाषांतरित न करता तसाच ठेवावा आणि प्रथम येईल तेथे दोन ओळींत समजावून द्यावा. सतीसाठी ‘भान’ हा शब्द आम्हांस सर्वांत जवळचा वाटतो, परंतु पालीतील आठवणीचा अंश त्यात सुटतो. वाचकांच्या विहारांत धम्मवर्ग घेताना कोणता शब्द वापरला जातो, आणि तो ऐकून उपासक-उपासिका काय विचारतात, हे त्यांनी आम्हांस अवश्य कळवावे.